गल्ली नंबर सहाचा पिवळा ठिपका

साळीपूरच्या प्रत्येक गल्लीबद्दल हर्षदा दिवटेला अशा गोष्टी ठाऊक होत्या, ज्या त्या गल्लीतल्या चौकस म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हत्या. कुठे मधुमेहाचे रोगी वाढले, कुठल्या कॉलनीत झोपेच्या गोळ्यांशिवाय डोळा लागत नाही, दहावीची परीक्षा आली की कुठे घराघरांत कॉफी उकळते, हे सगळं तिला सकाळी अकराच्या आत कळायचं. त्यासाठी कुणाच्या खिडकीतून डोकावायची गरज नव्हती. ती गटार वाचायची.

तिच्या नोकरीचं नाव मोठं होतं, मलनिस्सारण प्रयोगशाळेतली वरिष्ठ रसायनतज्ज्ञ. काम मात्र सांगायला सोपं. माणूस जे गिळतो ते शरीर जसंच्या तसं बाहेर टाकत नाही. यकृत त्याची मोडतोड करतं आणि ते तुकडे लघवीवाटे गटारात येतात. प्रत्येक पदार्थाच्या तुकड्याचं वजन ठरलेलं असतं. गल्लीच्या तोंडाशी, चेंबरच्या झाकणाखाली एक पेटी बसवलेली होती. ती दर पंधरा मिनिटांनी घोटभर पाणी ओढून घ्यायची, त्यातल्या रेणूंना विजेचा भार द्यायची आणि त्यांना पळवायची. हलका रेणू वाटेत जास्त वळतो, जड कमी वळतो. कोण किती वळला यावरून पेटी त्याला ओळखायची आणि प्रयोगशाळेतल्या पडद्यावर आलेख काढायची. काही पाणी बाटलीत राखून ठेवायची, म्हणजे पुढे वाद झाला तर पुरावा हाताशी. लोकांनी त्या पेटीला नाव ठेवलं होतं ‘हुंग्या’.

हुंग्या आला तो निर्मळ नगर कायद्याबरोबर, तीन वर्षांपूर्वी. साळीपूर हे यंत्रमागांचं गाव. बारा बारा तास मागापुढे उभं राहायचं तर पाय आणि खांदे बोलायला लागतात. कामगार दुखणं मारायला पांढऱ्या गोळ्या घ्यायचे आणि घेता घेता त्यांचेच होऊन जायचे. सरकारनं गोळ्या बंद केल्या. धाडी पडल्या, पोती जप्त झाली, फोटो छापून आले. मग गोळी लहान झाली आणि निळी झाली, कारण लहान वस्तू लपवायला सोपी. पुन्हा धाडी पडल्या. आता ती मोहरीच्या दाण्याएवढी होती आणि तिला ‘राई’ म्हणायचे. दूध आटवावं तसा तो माल प्रत्येक धाडीगणिक आटत आणि जहाल होत गेला होता. कारखान्यांतून व्यसनाबद्दल चार शब्द सांगणारे वर्ग पूर्वी चालायचे. ते बंद करून तिथली माणसं हुंग्या धुवायच्या कामाला लावली होती.

कायदा कडक होता. गल्लीत बंदी असलेला पदार्थ दिसला की नकाशावर पिवळा ठिपका पडायचा. सलग दहा दिवस पिवळी राहिलेली गल्ली लाल व्हायची, आणि मग पोलीस एकेक घराचं चेंबर उघडून पाहायचे. ज्याचं पाणी सापडेल त्याला दोन वर्षांची शिक्षा. घरात पालिकेचा नोकर असेल तर त्याची नोकरी गेलीच म्हणून समजायचं.

एका सोमवारी गल्ली नंबर सहा पिवळी झाली. हर्षदा तिथेच राहायची.

तिनं आधी इकडे तिकडे बघितलं, जसा काही तो ठिपका तिच्या कपाळावर पडला होता. मग आलेख मोठा केला. ‘क’ रकान्यात, म्हणजे अफूच्या घराण्यातल्या सगळ्या पदार्थांच्या रकान्यात, ठसठशीत उंचवटा होता. मंगळवारीही तो दिसला, अगदी त्याच वेळी. सकाळी नवाच्या सुमारास चढायचा आणि दिवसभर हळूहळू उतरायचा. कुणीतरी घड्याळ लावून घेत होतं. म्हणजे चांगलाच मुरलेला गडी असणार, असं तिनं ठरवून टाकलं.

गल्लीत चौदा घरं. त्यातलं कोण, हे शोधायला ती मनातल्या मनात दारोदार फिरली आणि शेवटी स्वतःच्याच जिन्यापाशी येऊन थांबली. वरच्या खोलीत प्रफुल्ल बेहेरा नावाचा ओडिशाचा कामगार भाड्यानं राहायचा. एकटा माणूस, फारसं न बोलणारा, डोळे नेहमी तांबारलेले. रात्रपाळी करणाऱ्याचे डोळे तांबारणारच, पण संशयाला एवढा विचार करायला वेळ नसतो. बुधवारी सकाळी तिनं त्याला जिन्यातच गाठलं.

“बेहेराजी, खोली सोडा.”

“काय चुकलं, ताई?”

“तुम्ही काय खाता ते मला माहीत आहे. मी कुठं काम करते, तेही तुम्हाला माहीत आहे.”

“मी पान खातो, ताई. दुसरं काय नाय. आई शप्पथ नाय.”

“परवापर्यंत सोडा.”

त्यानं हुज्जत घातली नाही. दुसऱ्याच दिवशी एक पेटी आणि पंखा घेऊन तो निघून गेला. जाताना खोली झाडून गेला, हे तिला नंतर लक्षात आलं आणि थोडं टोचलंही. शुक्रवारी सकाळी ती पडद्यापुढे बसली तेव्हा उंचवटा होता तिथेच होता, नवाच्या ठोक्याला.

आता घरात उरलं कोण? ती स्वतः आणि तिचा धाकटा भाऊ सुदर्शन.

आई गेली तेव्हा सुदर्शन अकरा वर्षांचा होता. हर्षदानं त्याला वाढवलं, त्याच्यापायी आलेली दोन स्थळंही परतवली. आता तो सत्तावीसचा होता आणि मागांची दुरुस्ती करणारा जॉबर म्हणून त्याचं चांगलं नाव होतं. मागल्या वर्षी त्याचा खांदा निखळला होता. त्यानंतर सहा-सात महिने तो कसनुसाच असायचा. घाम फुटायचा, जेवण जायचं नाही, बोललं की अंगावर यायचा. हर्षदाला वाटायचं, कामाचा ताण असेल. या दोन महिन्यांत मात्र तो माणसात आला होता. अंगावर मांस चढलं होतं, संध्याकाळी स्वतः भाजी निवडायला बसायचा. आणि रोज सकाळी साडेसातला व्यायामशाळेत जातो म्हणून बाहेर पडायचा.

आजवर ज्या गोष्टींनी तिला बरं वाटलं होतं, त्या सगळ्या तिला आता खटकायला लागल्या. हा एवढा खूश कशानं असतो? व्यायामशाळेत जातो तर घामाचे कपडे कुठे असतात? शनिवारी तो बाहेर पडल्यावर तिनं त्याची पिशवी उलटी केली, गादीखाली हात घातला, बुटांत बोटं घालून बघितलं. काही सापडलं नाही. मग तर तिची खात्रीच पटली, कारण ज्याच्याकडे काहीच सापडत नाही तो फार पोचलेला असतो, असं खात्यातले लोक नेहमी म्हणायचे.

साडेआठला सुदर्शन परत आला आणि न्हाणीघरात गेला. हर्षदा बाटली घेऊन परसात गेली, घराच्या चेंबरचं झाकण सरकवलं आणि गुडघ्यावर बसून पाणी भरून घेतलं. मान वर केली तर तो मागल्या दारात उभा.

“ताई, काय करालीस?”

“तूच सांग मला, काय मिळेल यात?”

सुदर्शनचा चेहरा पडला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “मी सांगणारच होतो तुला. ते औषध हाय. मुजावर डॉक्टरनी चालू केलंय, जिभंखाली धरायची गोळी. या सोमवारपास्नं डोस वाढवलाय. खांद्याच्या वेळंपास्नं मी राई घेत होतो. आता नव्वद दिवस झाले, हात लावला न्हाई.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला?” तो कसंनुसं हसला. “गावात तुला काय म्हणत्यात, ठाऊक हाय न्हवं?”

‘हुंग्याची बहीण’ म्हणतात, हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच राग आला. रागाखाली भीती होती, हेही खरं. रविवार, सोमवार, मंगळवार गेले की ठिपका लाल होणार होता. पोलीस परसात येणार, तिच्या हातानं वाढवलेल्या पोराला गाडीत घालणार.

“औषध काय नि राई काय, हुंग्याच्या कागदावर रकाना एकच आहे,” ती म्हणाली. “तू ते बंद कर. आजपासून.”

“डॉक्टर म्हणत्यात, मधीच सोडायचं न्हाई. वरीसभर तरी—”

“एका गोळीवरनं दुसऱ्या गोळीवर उडी मारलीस, एवढंच. मन घट्ट कर. नव्वद दिवस काढलेस ना? मग आता उरलेलंही सोड. उद्या परत दिसलं तर मी स्वतः नाव देईन तुझं.”

तिला खरंच असं वाटत होतं. रेणूचं वजन दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत सांगणारी ही बाई, पण व्यसन सुटतं कसं, हे तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. मनाचा प्रश्न आहे, एवढंच ती लहानपणापासून ऐकत आली होती. सुदर्शननं चेंबरचं झाकण ओढून बंद केलं.

“बरं,” तो म्हणाला. “न्हाई दिसणार.”

आणि नाही दिसलं. सोमवारी उंचवटा निम्मा झाला आणि बुधवारी गल्ली नंबर सहा हिरवीगार झाली. हर्षदानं त्या दिवशी घरी जाऊन पुरण घातलं. सुदर्शननं अर्धी पोळी खाल्ली, पोटात ढवळतंय म्हणाला आणि पांघरूण घेऊन पडला. भर उन्हाळ्यात तो कुडकुडत होता. होईल चार दिवस त्रास, असं म्हणून तिनं त्याच्या पायाला तेल चोळलं.

त्या आठवड्यात एकामागून एक पिवळ्या गल्ल्या हिरव्या होत गेल्या. खातेप्रमुख भोकरे साहेबांनी पेढे वाटले. “दिवटे बाई, पुढच्या शुक्रवारी मंत्री येणार आहेत. साळीपूर संपूर्ण निर्मळ! तुमची सही हवी अहवालावर.”

पुढच्या मंगळवारी दुपारी बाराला प्रयोगशाळेच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठीची, खांद्याला कापडी पिशवी, चपला धुळीनं माखलेल्या. “मी डॉक्टर निलोफर मुजावर. नदीवेशीतला व्यसनमुक्ती दवाखाना माझा. तुम्ही सुदर्शनच्या बहीण ना? तो दहा दिवस झाले आला नाही.”

“त्यानं सोडलंय सगळं,” हर्षदा जरा तोऱ्यातच म्हणाली. “बघा, गल्ली हिरवी आहे.”

डॉक्टरीणबाई पडद्याजवळ आल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि हिरव्या नकाशावर बोट ठेवत गेल्या. “ही गल्ली अकरा. इथला माझा पेशंट गेल्या गुरुवारी गेला. ही तेलंग कॉलनी, तिथला शनिवारी. दोघंही औषधावर होते. ठिपक्याला भिऊन दोघांनी सोडलं. तुमचा नकाशा हिरवा व्हायला लागला ना, की माझ्याकडे निरोप यायला लागतात.”

“पण राई घेतली असती तर इथं दिसली असती!”

“ते तुम्ही मला सांगा. यंत्र तुमचं आहे.”

हर्षदा चवताळून सुदर्शनच्या पाण्याची राखून ठेवलेली बाटली काढायला उठली. रकाना न बघता तिनं पहिल्यांदा उंचवट्याचं वजन बघितलं. ते राईचं नव्हतंच. सुदर्शननं सांगितलेल्याच औषधाचं ते होतं, आणि ते रोज नवाला चढायचं, कारण दवाखान्यात रोज आठला गोळी मिळायची. मग तिनं यंत्राची मर्यादा काढून बघितली आणि खुर्चीत बसली. हुंग्याला किती बारीक कण दिसावा, हे तीन वर्षांपूर्वी पांढऱ्या गोळीवरून ठरवलं होतं. पांढरी गोळी भरभक्कम होती, तिचे तुकडे ढिगानं यायचे. राईचा डोस तिच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. तेवढे तुकडे गल्लीभर पाण्यात मिसळले की यंत्राच्या नजरेखालून निसटून जायचे. औषधाची गोळी मात्र वजनानं जास्त, डोस वाढला की ती लख्ख दिसायची. राई आल्यापासून हुंग्या विष सोडून देत होता आणि औषध पकडत होता. आणि खाली सही तिची होती.

“आता ऐका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अंगाला सवय असते तोवर माणूस मोठा डोस पेलतो. औषध त्या सवयीला धरून ठेवतं, म्हणून तो राईकडे जात नाही, आणि गेलाच तर सहसा मरत नाही. औषध एकदम तोडलं की आठ-दहा दिवसांत अंगाची सवय उतरते आणि तलफ मात्र दुप्पट होते. मग तो पूर्वीएवढंच घेतो आणि श्वास थांबतो. सुदर्शन आत्ता कुठं आहे?”

“कामावर,” हर्षदा म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिनं कारखान्याला फोन लावला. जॉबर तीन दिवस आलाच नाही, असं तिथल्या मुकादमानं सांगितलं.

कुठे शोधायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. नकाशा तिच्यासमोरच होता. कॅनॉलपलीकडे एक बंद पडलेला सायझिंगचा कारखाना होता, सूत खळ लावायला न्यायचे तो. तिथे गटार नव्हतं, म्हणून हुंग्याही नव्हता. नकाशावर तेवढी एकच जागा बिनरंगाची होती. डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून नाकात मारायचा एक फवारा तिच्या हातात कोंबला. “एकदा मारा. दोन मिनिटांत श्वास नाही आला तर दुसऱ्या नाकपुडीत. मी गाडी घेऊन मागून येते.”

हर्षदा स्कूटरवरून तिथे पोचली तेव्हा भर दुपारचं ऊन होतं. आत सात-आठ जण भिंतीला टेकून बसले होते. तिच्या अंगावर पालिकेचं निळं जाकीट होतं, ते काढायचं तिला सुचलंच नव्हतं. “धाड! धाड!” कुणीतरी ओरडलं आणि सगळे मागच्या भगदाडातून पळाले. एक जण तेवढा उठला नाही. तो सुदर्शन होता.

ओठ जांभळे झाले होते. छाती हलत नव्हती. त्याच्या डोक्याखाली कुणीतरी घडी करून शर्ट ठेवला होता, म्हणजे तो पडलेला त्यांना कळलं होतं. पण दवाखान्यात फोन केला तर आधी पोलीस येतात, हे साळीपुरात सगळ्यांना पाठ होतं. तिनं फवारा मारला. काही नाही. तिनं त्याच्या तोंडात श्वास फुंकला, त्याला शिव्या घातल्या, त्याच्या नावानं हाका मारल्या. दोन मिनिटं थांबायचं होतं, एवढी लांब दोन मिनिटं तिनं आयुष्यात कधी काढली नव्हती. दुसरा फवारा मारल्यावर घशातून घरघर आली आणि छाती एकदाची वर उचलली.

त्यानं डोळे उघडले. आधी जाकीट बघितलं, मग तिचा चेहरा. तो कोपरांवर मागे सरकायला लागला.

“ताई, मी घरात काय केलं न्हाई,” तो पुटपुटला. “गल्ली स्वच्छ हाय न्हवं?”

 ती त्याला छातीशी धरून बसून राहिली आणि डॉक्टरीणबाईंची गाडी येईपर्यंत रडत राहिली. तिला स्वतःची किळस आली होती.

गुरुवारी ती कामावर गेली आणि तिनं जुन्या सगळ्या बाटल्या पुन्हा तपासल्या. नवा अहवाल केला. ‘क’ रकान्याचे दोन भाग केले. एकावर ‘राई’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘उपचार’. राईच्या रकान्यात आकडे न घालता ‘यंत्राला दिसत नाही’ असं लिहिलं.

भोकरे साहेबांनी कागद उभा धरला, आडवा धरला. “असा रकाना नाही, बाई.”

“मी काढला.”

“उद्या मंत्री येणार आहेत.” मग त्यांनी आवाज खाली आणला आणि डोळे बारीक केले. “तुमच्या घरात कोणी आहे का?”

आदल्या आठवड्यापर्यंत ती स्वतः लोकांकडे असंच बघत होती. “आहे,” ती म्हणाली. “माझा भाऊ. आणि हा अहवाल मी राजधानीला पाठवून झालाय.”

राजधानीहून उत्तर आलं नाही. शुक्रवारी मंत्री आले, दुसऱ्याच कुणाची तरी सही असलेला जुना अहवाल वाचून आणि हार घालून घेऊन गेले. सुदर्शन शनिवारपासून पुन्हा दवाखान्यात जाऊ लागला. पण आठला गोळी घेतली की तो घरी येत नसे. एसटी स्टँडवर बसायचा, नाही तर कॅनॉलच्या बांधावर, आणि अंधार पडल्यावर परतायचा. घरात तो तोंडही धुवायचा नाही.  सोमवारी ती त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली आणि परतताना घराच्या दारातून तो बांधाकडे वळला तेव्हा त्याला अडवलं.

“घरात चल. अंघोळ कर, जेव, झोप काढ. असा किती दिवस फिरणार आहेस?”

सुदर्शननं चपला काढल्या नाहीत. “हे तू सांगतीस, का खातं सांगतंय?”

तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यानं विश्वास ठेवावा असं तिनं केलं तरी काय होतं? तिनं पर्समधून एक कागद काढून त्याच्या हातात दिला. दवाखान्याच्या नोंदवहीच्या पानाची ती प्रत होती. आजवर जिथे नुसता नंबर असायचा, तिथे रुग्णाचं नाव सुदर्शन दिवटे. जबाबदार नातेवाईक म्हणून तिचं नाव, पालिकेतला हुद्दा, घराचा पत्ता आणि खाली तिची सही. ही पानं रोज संध्याकाळी खात्याकडे जातात, हे दोघांनाही माहीत होतं.

“तुझी नोकरी जाईल की गं.”

“जाईल बहुतेक.”

“आणि पोलीस आले तर?”

“मी दारात उभी राहीन. मुजावर बाई येते म्हणाल्यात. पाण्यातलं वजन मी त्यांच्यासमोर वाचून दाखवीन. ऐकतील का, मला माहीत नाही.”

त्यानं कागद पुन्हा एकदा वाचला. उलटा करून मागची बाजूही बघितली, तिथे काही लिहिलेलं नव्हतं. मग घडी घालून खिशात ठेवला आणि चपला काढून आत गेला. न्हाणीघराची कडी लागली. पाणी पडल्याचा आवाज आला. हर्षदा परसातल्या त्या झाकणाशेजारी उभी राहून ऐकत राहिली, आणि एवढ्या साध्या आवाजानं तिचे डोळे भरून आले.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, डबा घेतला आणि कामावर निघाली. अकरापर्यंत पोचायचं होतं. गल्ली नंबर सहा पिवळी झाली की त्याखाली आज सही तिलाच करायची होती.